वाइनचं एक छोटं खोरं, जिथल्या लोकांनी परक्यांना कळू नये म्हणून स्वतःची बोली बनवली

कॅलिफोर्नियातल्या बूनव्हिल नावाच्या छोट्या गावात सार्वजनिक टेलिफोनच्या बूथवर एक पाटी होती. पाटीवर 'टेलिफोन' असं लिहिलेलं नव्हतं, तिथे लिहिलं होतं 'बकी वॉल्टर'.

बाहेरून आलेला माणूस ती पाटी वाचून गोंधळायचा. गावातल्या जुन्या माणसाला मात्र बरोबर कळायचं. बकी म्हणजे पाच सेंटचं नाणं. आणि वॉल्टर म्हणजे गावात सगळ्यात आधी ज्याच्याकडे फोन आला तो माणूस. नाणं टाकून वापरायचा फोन म्हणून 'बकी वॉल्टर'. साधा हिशोब.

असे हजाराहून जास्त शब्द या एका खोऱ्यात तयार झाले. त्यातून एक अख्खी बोली उभी राहिली, तिचं नाव बूंटलिंग. आज हे खोरं जगभरात ओळखलं जातं ते वाइनसाठी. लोक पिनो न्वार आणि स्पार्कलिंग वाइन चाखायला येतात, दोन-चार बाटल्या गाडीत टाकतात आणि समुद्राकडे निघून जातात. पण ज्या जमिनीत ही द्राक्षं उगवतात त्या जमिनीची गोष्ट वाइनपेक्षा बरीच जुनी आहे.

हे खोरं नेमकं आहे कुठे?

याचं नाव अँडरसन व्हॅली. सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, साधारण १८५ किलोमीटरवर, मेंडोसिनो काउंटीमध्ये. क्लोव्हरडेल गावापासून हायवे १२८ पकडायचा. हा रस्ता आपल्या घाटासारखाच आहे, वळणावर वळण. तो चढून उतरलं की बूनव्हिल लागतं. पुढे फिलो, मग नॅवारो आणि मग रेडवूडच्या दाट जंगलातून नॅवारो नदीच्या काठाने थेट पॅसिफिक महासागर.

खोऱ्याची लांबी जेमतेम २५ किलोमीटर. बूनव्हिल हे त्यातलं मोठं गाव, पण त्याचीही लोकसंख्या हजाराच्या आसपास. गावात मुख्य रस्ता एकच.

वाइनसाठी प्रसिद्ध असलेली नापा व्हॅली इथून काही तासांवर आहे. तिथे आलिशान हॉटेलं आहेत, गर्दी आहे. अँडरसन व्हॅलीत तसं फारसं काही झालं नाही, आणि त्याचं कारण तो वळणांचा रस्ता. या रस्त्यानेच खोऱ्याला जगापासून लांब ठेवलं. बोली जन्मली तीही त्यामुळेच.

नाव अँडरसनचं, जमीन पोमोंची

या भागात हजारो वर्षांपासून पोमो लोक राहत होते. नदीतले मासे, ओकच्या झाडाची फळं, हरणाची शिकार यावर त्यांचं जगणं होतं. पोमो बायकांनी विणलेल्या टोपल्या आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांमध्ये ठेवलेल्या आहेत.

१८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोनं सापडलं आणि लोंढे सुरू झाले. १८५१ च्या सुमारास शिकारीसाठी फिरणारे काही गोरे तरुण या खोऱ्यात पोचले, असं स्थानिक इतिहास सांगतो. त्यांच्या घरातला कर्ता माणूस वॉल्टर अँडरसन. हे कुटुंब इथे येऊन राहिलं आणि खोऱ्याला त्यांचं नाव पडलं.

पोमोंचं काय झालं? १८५० मध्ये कॅलिफोर्नियाने एक कायदा केला. त्याचं नाव होतं मूलनिवासींच्या 'कारभार आणि संरक्षणा'चा कायदा. प्रत्यक्षात त्या कायद्याने मूलनिवासी माणसांना आणि लहान मुलांनाही सक्तीच्या मजुरीला जुंपायची सोय करून दिली. त्याच वर्षी जवळच्याच क्लिअर लेकवर अमेरिकी सैन्याने पोमोंचं हत्याकांड केलं. १८५६ मध्ये मेंडोसिनोच्या किनाऱ्यावर एक राखीव वसाहत काढून लोकांना तिथे हलवलं. दहा वर्षांत ती वसाहतही बंद झाली. लोकसंख्या घटली, जमीन गेली. पोमोंचे वंशज आजही मेंडोसिनो काउंटीत राहतात, पण खोऱ्याच्या नकाशावरची बहुतेक नावं नंतर आलेल्यांची आहेत.

बूनव्हिल हे नावही तसंच. या गावाला आधी 'केंडल्स सिटी' म्हणायचे. पुढे बून नावाच्या दुकानदाराने तिथलं दुकान घेतलं आणि गाव त्याच्या नावाने ओळखलं जाऊ लागलं.

बूंटलिंग : भाषा की गंमत?

१८८० ते १९२० हा बूंटलिंगचा भराचा काळ. ही स्वतंत्र भाषा नव्हती. वाक्याची चौकट इंग्रजीचीच, फक्त आतले शब्द बदललेले. आपल्याकडे मुलं 'च'ची भाषा बोलतात किंवा पूर्वी व्यापारी गिऱ्हाइकासमोर नंदभाषेत भाव ठरवायचे, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे अख्खं खोरं त्यात सामील होतं.

ती सुरू कशी झाली यावर एकमत नाही. कुणी म्हणतं मोठ्यांना कळू नये म्हणून पोरांनी सुरू केली. कुणी म्हणतं मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या पुरुषांनी. आणखी एक कथा हॉप्सच्या मळ्यातल्या बायकांची आहे. हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा देणाऱ्या वेलीची फुलं. ती खुडताना गावातल्या भानगडींवर बोलता यावं आणि ऐकणाऱ्याला काही कळू नये म्हणून बायकांनी शब्द पाडले, असं ही कथा सांगते.

शब्द तयार करायची पद्धत मात्र पक्की होती. काही शब्द बाहेरून उचलले. मेंढीला 'ब्रेगो', कारण स्पॅनिशमध्ये 'बोरेगो'. काही शब्द आवाजावरून पडले, काही इंग्रजी शब्द मोडून-तोडून. पण सगळ्यात मजेशीर ते माणसांवरून पडलेले.

कॉफीला म्हणायचे 'झीस'. शिकारीच्या तळावर झेड. सी. अशी आद्याक्षरं असलेला एक स्वयंपाकी भलतीच कडक कॉफी करायचा, त्याच्यावरून हा शब्द. 'हॉर्न ऑफ झीस' म्हणजे एक कप कॉफी. मोठ्या जाळाला 'जेफर', कारण जेफ नावाचा खानावळवाला कायम मोठी शेकोटी पेटवून ठेवायचा. बोलण्याला 'हार्प', चांगल्याला 'बाल', पिण्याला 'हॉर्न'. म्हणून 'बाल हॉर्निंग' म्हणजे मस्त पिणं.

आणि वाइनला काय म्हणायचे? 'फ्राती'. हेही एका द्राक्ष बागायतदाराच्या आडनावावरून. म्हणजे वाइनचा धंदा मोठा व्हायच्या कितीतरी आधी, वाइन या बोलीत येऊन बसली होती.

यातलाच एक शब्द जरा थांबून बघण्यासारखा आहे. एखाद्याला लाजवणं, ओशाळं करणं याला बूंटलिंगमध्ये 'चार्ली बॉल' म्हणतात. चार्ली बॉल हा खोऱ्यात राहणारा एक मूलनिवासी माणूस होता. तो इतका लाजाळू, की कुणाशी बोलायचाच नाही, असं सांगितलं जातं. पण ज्यांची जमीन गेली, ज्यांची माणसं मारली गेली, त्या समाजातला माणूस गोऱ्यांच्या गावात गप्प का राहत असेल? या प्रश्नाचं उत्तर शब्दकोशात मिळत नाही. तिथे त्याची शांतता फक्त गंमत म्हणून उरली आहे.

परक्या माणसालाही या बोलीत खास शब्द होता, 'ब्राइट लायटर'. म्हणजे झगमगत्या दिव्यांच्या शहरातून आलेला.

पुढे रस्ते सुधारले, रेडिओ आला, पोरं शिकायला आणि कामाला बाहेर पडली, बाहेरची माणसं खोऱ्यात आली. गुपित ठेवायला बंद खोली लागते, आणि खोलीचं दारच उघडलं. १९६० च्या दशकात चार्ल्स अॅडम्स या भाषा अभ्यासकाने म्हाताऱ्या माणसांशी बोलून शब्द गोळा केले. १९७१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं, त्यामुळे शब्द तरी टिकले. आज सहज बूंटलिंग बोलणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत.

मेंढ्या गेल्या, हॉप्स गेले, सफरचंदं आली

वाइनच्या आधी या खोऱ्याने बरेच धंदे करून पाहिले. आधी गुरं आणि मेंढ्या. मग हॉप्स. मग सफरचंदाच्या बागा. बूनव्हिलमध्ये दर सप्टेंबरला भरणाऱ्या काउंटीच्या जत्रेच्या नावात आजही 'अॅपल शो' आहे.

सोबत लाकडाचा धंदा होताच. किनाऱ्याजवळच्या रेडवूडवर १९ व्या शतकापासूनच कुऱ्हाड चालली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर घरबांधणीसाठी लाकडाची मागणी वाढली आणि खोऱ्यात जागोजागी लाकडाच्या गिरण्या निघाल्या. अर्कान्सा, ओक्लाहोमा अशा राज्यांमधून कामगार आले. काही वर्षांत कापण्याजोगी झाडं संपत आली आणि गिरण्या एकेक करून बंद पडल्या.

थोडक्यात, १९६० च्या दशकात इथे लाकूड उतरणीला लागलेलं, मेंढ्यांमध्ये पैसा नाही आणि जमीन स्वस्त. वाइनची एंट्री इथे होते.

मग वाइन कुणी आणली?

पहिलं श्रेय जातं इटालियन कुटुंबांना. १९ व्या शतकाच्या शेवटी ही कुटुंबं खोऱ्याच्या तळाला न बसता वर, ग्रीनवूड रिजच्या डोंगरधारेवर जाऊन राहिली. तिथे त्यांनी झिनफंडेल द्राक्ष लावलं. डोंगरावर का? कारण धुकं खाली दरीत साचतं, वर ऊन मिळतं. झिनफंडेलला ते ऊन लागतं.

१९२० मध्ये अमेरिकेत दारूबंदी आली ती १९३३ पर्यंत राहिली. देशभरात द्राक्षबागांचं कंबरडं मोडलं. या डोंगरावर मात्र काही जुन्या बागा तग धरून राहिल्या.

खाली खोऱ्यात खरी सुरुवात झाली १९६४ मध्ये. डोनाल्ड एडमीड्स नावाच्या हृदयरोगतज्ज्ञाने फिलोजवळ जमीन घेऊन द्राक्षं लावली. इतक्या थंड जागी वाइनचं द्राक्ष पिकणार नाही, असं तेव्हा लोकांचं मत होतं. मग १९६८ मध्ये टोनी आणि ग्रेचेन हश या जोडप्याने बाग लावली आणि १९७१ मध्ये हश व्हिनयार्ड्स ही वायनरी सुरू केली. १९७४ मध्ये टेड बेनेट आणि डेबोरा कान यांनी मेंढ्यांच्या जुन्या कुरणावर नॅवारो व्हिनयार्ड्स उभी केली. त्यांनी लावलं गेवुर्त्सट्रामिनर, म्हणजे थंडीत चांगलं येणारं सुगंधी पांढऱ्या वाइनचं द्राक्ष.

१९८३ मध्ये अँडरसन व्हॅलीला अमेरिकी सरकारने स्वतंत्र वाइन प्रदेश म्हणून मान्यता दिली. त्याच सुमाराला फ्रान्समधल्या शॅम्पेन प्रांतातलं नामवंत घराणं लुई रोदेरेर जागेच्या शोधात कॅलिफोर्नियात आलं होतं. नापासारखी प्रसिद्ध जागा सोडून त्यांनी हे खोरं निवडलं आणि १९८२ मध्ये इथे सुमारे ५८० एकर जमीन घेतली.

फ्रेंचांना इथे असं काय दिसलं?

उत्तर आहे धुकं.

कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याला समांतर डोंगररांगा आहेत. त्या समुद्राची थंड हवा अडवतात. पण नॅवारो नदी वायव्येकडे वाहत जाऊन समुद्राला मिळते आणि तिच्या दरीने डोंगरात एक फट तयार झाली आहे. संध्याकाळी समुद्रावरचं धुकं त्या फटीतून आत शिरतं आणि रात्रभर खोऱ्यात बसून राहतं. सकाळी उशिरा ते विरतं आणि मग कडक ऊन पडतं.

द्राक्षाला याचा फायदा काय? दिवसाच्या उन्हात साखर तयार होते. रात्र गरम असेल तर द्राक्षातली आंबटाई झपाट्याने कमी होते. रात्र थंड असेल तर ती टिकते. साखर आणि आंबटाई दोन्ही हातात असतील तर वाइन गोडमिट्ट आणि जड न होता तरतरीत लागते. स्पार्कलिंग वाइनसाठी तर आंबटाई हवीच. पिनो न्वार हे पातळ सालीचं, नाजूक द्राक्ष, त्यालाही जास्त उष्णता सोसत नाही.

समुद्राच्या जितकं जवळ तितकी थंडी जास्त. म्हणून एकाच खोऱ्यात बूनव्हिलची बाजू उबदार आणि नॅवारोची बाजू गार. बूंटलिंगमध्ये नॅवारोला म्हणतातच 'डीप एंड', म्हणजे खोल टोक.

नाशिकच्या बागायतदाराला हे गणित वेगळ्या पद्धतीने माहीत आहे. नाशिकला समुद्राचं धुकं नाही, म्हणून तिथे मोसमच फिरवला जातो. पावसाळा संपता संपता छाटणी, हिवाळ्याच्या थंड रात्रींमध्ये द्राक्ष भरणं आणि जानेवारी ते मार्चमध्ये काढणी. अँडरसन व्हॅलीत काढणी ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. नाशिक जे काम थंडीच्या महिन्यांकडून करून घेतं, तेच इथे समुद्र करतो.

मेहनतीला फळ आलं. २००९ मध्ये बराक ओबामा यांच्या शपथविधीनंतरच्या मेजवानीत गोल्डनआय या वायनरीची अँडरसन व्हॅलीची पिनो न्वार दिली गेली. ज्या खोऱ्यात द्राक्ष पिकणार नाही असं म्हणायचे, ते राष्ट्राध्यक्षांच्या टेबलावर पोचलं.

ग्लासमध्ये न दिसणाऱ्या गोष्टी

पण प्रत्येक धंद्याची किंमत असते, आणि ती कुणीतरी चुकवत असतं.

वेलींची छाटणी, बांधणी, काढणी ही कामं हाताची. ती करतात मुख्यतः मेक्सिकोतून आलेली कुटुंबं. आधी ती सफरचंदाच्या बागांत आणि गिरण्यांमध्ये यायची, मग द्राक्षात आली आणि इथेच राहिली. आज बूनव्हिलच्या लोकसंख्येत जवळपास निम्मा वाटा लॅटिनो समाजाचा आहे. १९९८ च्या काढणीत रोदेरेरच्या मजुरांनी मजुरीच्या वादावरून काम थांबवलं आणि सीझर चावेझ यांनी उभ्या केलेल्या युनायटेड फार्म वर्कर्स या संघटनेच्या बाजूने मतदान केलं. छोट्या खोऱ्यातली ती मोठी घटना होती.

दुसरा प्रश्न पाण्याचा. इथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. नॅवारो नदीत कोहो सामन आणि स्टीलहेड हे मासे अंडी घालायला समुद्रातून वर येतात. त्यांच्या पिल्लांना उन्हाळ्यात थंड, वाहतं पाणी लागतं. आधी जंगलतोडीने नदीत गाळ आला आणि सावली गेली. आता उन्हाळ्यात नदीची धार बारीक होते तेव्हाच शेतीलाही पाणी हवं असतं. मासा, बाग आणि गाव, तिघांचा हक्क त्याच पाण्यावर.

तिसरी भीती आगीची. जून २००८ मध्ये विजा पडून मेंडोसिनोत वणवे पेटले आणि धूर कित्येक दिवस खोऱ्यात भरून राहिला. द्राक्षाची साल तो धूर शोषून घेते. त्या वर्षीच्या अनेक पिनो न्वारना राखेसारखी चव आली. बागा जळाल्या नव्हत्या, तरी वर्षाची मेहनत वाया गेली.

आणि चौथी गोष्ट म्हणजे सगळं एकाच पिकावर येऊन थांबणं. सफरचंदाच्या बऱ्याच बागा काढून तिथे द्राक्षं लागली. फिलोची 'अॅपल फार्म' त्यातून वाचली. सॅली आणि डॉन श्मिट या दांपत्याने ती १९८० च्या दशकात घेतली आणि मोडकळीला आलेली बाग पुन्हा उभी केली. नापातलं जगप्रसिद्ध 'फ्रेंच लॉन्ड्री' हे रेस्टॉरंट सुरू करणारे हेच दोघं. ते विकून त्यांनी सफरचंदं निवडली.

तिथे गेलात, तर वाइनशिवाय काय बघाल?

बूनव्हिलजवळ १९ व्या शतकातली एका खोलीची लाल रंगाची शाळा आहे. तिथे आता स्थानिक इतिहासाचं संग्रहालय आहे. मोठं काही नाही, पण मेंढ्या कातरायची हत्यारं, शेतीची अवजारं, पोमोंच्या वस्तू, जुने फोटो आणि बूंटलिंगची माहिती एकाच ठिकाणी मिळते. संग्रहालय स्वयंसेवकांच्या जिवावर चालतं, त्यामुळे जाण्याआधी वेळ विचारून घेतलेली बरी.

फिलोजवळ हेंडी वूड्स हे स्टेट पार्क आहे. खोऱ्यातली बाकी जुनी झाडं कापली गेली तेव्हा इथले रेडवूडचे दोन पट्टे वाचले. त्यातली काही झाडं ९० मीटरच्या आसपास उंच आहेत. याच जंगलात झाडाच्या बुंध्याशी झोपडी करून एक रशियन माणूस कित्येक वर्षं एकटा राहिला. त्याची झोपडी आजही दाखवतात. २०११ मध्ये राज्याकडे पैसे नाहीत म्हणून ७० पार्क बंद करायची यादी निघाली, त्यात हेंडी वूड्सचं नाव होतं. खोऱ्यातले लोक एकत्र आले, संस्था काढली, निधी जमवला आणि पार्क उघडं राहिलं.

आणि बिअर आवडत असेल तर १९८७ मध्ये सुरू झालेली अँडरसन व्हॅली ब्रुइंग कंपनी आहे. तिच्या बाटल्यांवर 'बाल हॉर्निंग' छापलेलं असतं. 'बूंट', 'पोलीको' म्हणजे फिलो, 'डीप एंडर्स' असे शब्द बिअरच्या नावांमध्ये आलेत. खोऱ्यातल्या एका वायनरीने तर स्वतःचं नावच 'ब्रेगो' ठेवलं होतं, कारण जमीन आधी मेंढ्यांची होती.

शेवटी राहतं काय?

बूंटलिंग तयार झाली ती बाहेरच्यांपासून गोष्टी लपवायला. आज तिचे शब्द बाहेरच्यांना काहीतरी विकायला वापरले जातात. ज्या 'ब्राइट लायटर'ला बघून गाव बोली बदलायचं, त्याच्याच खिशावर आता गावाचा बराचसा संसार चालतो.

यात वाईट वाटून घ्यायचं की बरं, हे ज्याने-त्याने ठरवावं. बाटलीवर छापला म्हणून का होईना, शब्द दिसतो. कुणीतरी त्याचा अर्थ विचारतो आणि काउंटरमागचा माणूस वॉल्टरची, झेड. सी.ची गोष्ट सांगतो. चार्ली बॉलची गोष्ट मात्र कुणी आपणहून सांगत नाही, ती विचारावी लागते.

खोऱ्याच्या शाळेत आज मुलं पुन्हा दोन भाषांमध्ये बोलतात, इंग्रजी आणि स्पॅनिश. 'बोरेगो'चं 'ब्रेगो' करणाऱ्या गावात स्पॅनिश आता उसनी राहिलेली नाही, ती तिथल्याच घराघरांत बोलली जाते. त्या मुलांचे आई-वडील ज्या वेली छाटतात त्यांच्या द्राक्षांची वाइन जगभर जाते. पुढचा कुणी शब्द गोळा करायला या खोऱ्यात आला, तर त्याला याच मुलांकडे जावं लागेल.